सगळ्यांत आधी वर गेलेला हात

साल २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये माझा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा.

घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची चार माळ्यांची बिल्डिंग. लिफ्ट नाही, सोळा घरं. सुरुवातीला सगळे महापालिकेच्या नोकरीतले, आता त्यांची पोरं आणि सुना. मी पाणीखात्यात चावीवाला होतो. चावीवाला म्हणजे किल्ल्या बनवणारा नव्हे. रस्त्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. छातीइतक्या उंचीच्या लोखंडी चावीने ते फिरवून एकेका वस्तीला पाणी सोडायचं आणि वेळ संपली की बंद करायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं केलं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पण डोंगरावरच्या शेवटच्या घरात पाणी पोचायला किती आटे फिरवावे लागतात ते साहेब लोक मला विचारायचे.

रिटायर झाल्यावर बिल्डिंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप माझ्याकडे आला. सकाळी सहाला उघडायचा, साडेसातला बंद. ज्याने त्याने तेवढ्यात भरून घ्यायचं. आजारपणातसुद्धा मी ही वेळ चुकवलेली नाही.

मीटिंगची आमची एक पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी गच्चीवर जमायचं, घरटी एक माणूस. सेक्रेटरी विषय वाचायचा, थोडी कुजबुज व्हायची आणि मग सगळे माझ्याकडे बघायचे. मी हात वर केला की बाकीचे हात वर. ठरावाच्या वहीत लिहिलं जायचं, एकमताने मंजूर. वही हातात आली की मी बाकी काही वाचायच्या आधी तो एक शब्द शोधायचो. शेजारच्या बिल्डिंगीत दोन गट पडून प्रकरण कोर्टात गेलेलं. आमच्याकडे आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. हे माझ्यामुळे, असं मी धरून चाललो होतो.

तिसऱ्या माळ्यावरच्या एका घराचा मालक नाशिकला राहायला गेला आणि त्याने घर भाड्याने दिलं. चाळिशीची एक बाई आणि तिची म्हातारी आई, मालवणकडच्या. बाई अंधेरीला, विमानात जे जेवण देतात ते जिथे बांधतात त्या किचनमध्ये कामाला. कायमची रात्रपाळी. रात्री अकराला गाडी घ्यायला यायची, सकाळी सव्वाआठला सोडायची. आईला काचबिंदू. उजेड-अंधार कळायचा, बाकी जवळजवळ काही नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात ती माझ्याकडे आली होती.

"काका, मी येते तोवर पाणी गेलेलं असतं. आईला बादली भरली ते दिसत नाही. पाणी खाली सांडतं, परवा घसरता घसरता वाचली. मी आल्यावर पंधरा मिनिटं सोडाल का?"

"पाण्याची वेळ म्हणजे वेळ," मी म्हणालो. "एकाला दिलं की सोळा जण मागतील."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

परत कधी तिने विचारलं नाही. ते 'बरं' मला कुठेतरी टोचलं असणार. मागणाऱ्याने दोन वेळा तरी मागावं, अशी माझी अपेक्षा होती. हे आज लिहितोय. तेव्हा मला असं काही वाटतंय हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

दहा महिने गेले. भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं, नाशिकवाल्याने पुढच्या वर्षासाठी सोसायटीची परवानगी मागितली. मीटिंगमध्ये सेक्रेटरीने विषय काढला. तो चौथ्या माळ्यावरचा, बँकेत कारकून, स्वभावाने गरीब.

"रात्रीची गाडी येते, हॉर्न देते, गेट वाजतं," तो वहीत बघत म्हणाला. "बाई एकटी, रात्रीची ये-जा. लोक बोलतायत. काय करायचं?"

कुणी काही बोलेना. एकाने चहाचा कप उगाच फिरवला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं, यांना सगळ्यांना ती नको आहे, पण वाईटपणा कोण घेणार म्हणून माझ्या तोंडाकडे बघतायत. मोठा माणूस कशाला असतो मग? मी हात वर केला. नाशिकवाला सोडून पंधरा घरं होती. माझ्यामागून चौदा हात वर गेले. चहा गरम होता तेवढ्यात ठराव झाला. महिनाअखेर घर खाली करावं. एकमताने मंजूर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्हॉल्व्ह बंद करून जिना चढत होतो. ती म्हातारी वरून खाली येत होती, एक हात कठड्यावर, ओठ हलतायत. मी थांबलो.

"कोण? चावीवाले काय?" ती म्हणाली. "तुमच्या चपलेचो आवाज माका माहीत आसा."

"हात देऊ का आजी?" मी म्हणालो. ती माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी असेल, पण तोंडातून आजी गेलं.

"नको. मोजतंय मी. मधीच बोललंय तर परत वरसून सुरू करूक लागात." तरी ती थांबली. "अकरा पायरे, मगे वळाण, मगे अकरा. दुसऱ्या माळ्यार एक फुटकी पायरी आसा, ती दुरुस्त करू नकात हां. तीच माका सांगता, माळो बदललो."

ती पायरी दुरुस्त करा म्हणून मी चार वर्षं सेक्रेटरीच्या मागे लागलो होतो.

"घर खाली करूचा पत्र गावला आमका," ती म्हणाली. "माझ्या चेडवान वाचून दाखवल्यान. पयलो हात तुमचो व्हतो म्हणे."

मी चावी या हातातून त्या हातात घेतली.

"राग नाय माझो. ह्या घरात माका दिसता, इतक्याच सांगतंय. नळ खंय, खिडकी खंय, जिनो खंय, सगळा हाताक ठाऊक झाला. दहा महिने लागले. दुसऱ्या घरात गेलंय की मी आंधळी." मग तिने कठडा चाचपला आणि विचारलं, "आमचा चुकला काय, तेवढा सांगा."

मला सांगता येईना. खरंच येईना. गाडीचा हॉर्न मी स्वतः कधी ऐकलेला नव्हता. मी "बघू" म्हणालो आणि वर गेलो. मागे तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. जुनी गोष्ट वर येत राहिली. माझं लग्न ठरलं त्या वर्षी मी मुलुंडला एक खोली बघायला गेलो होतो. मालकाने बसवलं, पाणी दिलं, गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी केली. मी साताऱ्याकडचा, तोही साताऱ्याकडचा. बोलणं रंगलं होतं. मग त्याने आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा आवाज बदलला नाही, नुसता हळू झाला. म्हणाला, "मला स्वतःला काही नाही हो. पण चाळीतले लोक बोलतात. घरात विचारून कळवतो." तो अजून विचारतोय.

त्या माणसाचा राग मी पन्नास वर्षं सांभाळला. चाळीतल्या त्या लोकांचाही. आणि आता आमच्या गच्चीवर 'लोक बोलतायत' ऐकून मी हात वर केला होता.

माझी नात कॉलेजात शिकते, अंधेरीला. विषय काय, तर माणसं कशी वागतात आणि का वागतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. त्याला कॉलेज कशाला लागतं, सार्वजनिक नळावर एक महिना उभी राहा, सगळं कळेल. ती तेव्हा म्हणाली होती, "आबा, तुझा नळ पण आहे आमच्या अभ्यासात."

संध्याकाळी ती आली तेव्हा मी ताटावर बसून होतो. तिच्या आजीने तिला सांगितलं, "यांना दुपारपासून कसला तरी घोर लागलाय. आणि बोलायचं नाही, ही यांची रीत."

मी सांगून टाकलं. जिन्यातलं सगळं.

नातीने विचारलं, "आबा, खरं सांग. तुला ती लोकं नको होती का?"

"मला काय करायचंय? मी सगळ्यांसाठी हात वर केला. सगळ्यांना नको होती."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?"

"सगळ्यांना. चौदा हात वर गेले ना."

"तुझ्यानंतर गेले."

तेवढ्यात आमची ही पोळी वाढता वाढता म्हणाली, "मला तर ती म्हातारी आवडते. दुपारी येऊन बसते, लसूण सोलून देते. न बघता सोलते, माझ्यापेक्षा साफ."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वरून ठरवूनच खाली आलात."

"घे," नात म्हणाली. "घरातच एक मत निघालं, आणि तुला पत्ता नाही. बाकीच्या चौदा घरांचं काय असेल?"

मग तिने समजावलं. ते तिच्या शब्दांत मला सांगता येणार नाही, माझ्या शब्दांत सांगतो. दहा माणसं बसलेली असतात. प्रत्येकाच्या मनात एक असतं, पण त्याला वाटतं की बाकी नऊ जणांच्या मनात दुसरं आहे. म्हणून तो गप्प. बाकीचे त्याचं गप्प बसणं बघतात आणि म्हणतात, बघा, हाही राजी आहे. शेवटी असा ठराव होतो जो एकालाही नको होता. यात कुणी दुष्ट नसतं. याचा पुष्कळ अभ्यास झालाय म्हणे, त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे.

"हे मला तुझ्या पुस्तकाच्या आधीपासून माहीत आहे," मी म्हणालो. आणि होतंच. मी चावी घेऊन वस्तीत जायचो. पाण्याला अजून तासभर अवकाश असायचा. एखादी बाई सावली बघून नळापाशी हंडा ठेवायची, नुसती टेकायला. दुसरी ते बघून आपला हंडा आणायची. पाच मिनिटांत पन्नास हंडे. प्रत्येकीला वाटायचं पुढचीला काहीतरी खबर आहे. पुढची बिचारी सावलीला बसलेली. मी लांबून बघायचो आणि मनात हसायचो.

"मग मीटिंगमध्ये विसरलास का?" नात म्हणाली. "तिथे पहिला हंडा तुझाच होता ना."

मला राग आला. घरातल्या पोरीने ताटावर असं बोलावं? मी म्हणालो, "एकदा वर गेलेला हात मी खाली घेत नाही. आजवर घेतलेला नाही."

"अरे तेच. माणूस मताला नाही चिकटत आबा, लोकांसमोर आपण कसे दिसलो त्याला चिकटतो. हात खाली घेऊ नकोस तू. परत विचार फक्त. चिठ्ठ्या टाक. नाव नको, बरोबर किंवा फुली. आणि तू बोलू नकोस, खोकू पण नकोस."

"चिठ्ठ्या म्हणजे आमच्यात विश्वास नाही असं झालं."

"विश्वास आहे तर चिठ्ठीला का घाबरतोस?"

तिची आजी मध्ये पडली नाही. तिने डाळ वाढली.

"आणि सगळ्या फुल्या निघाल्या तर?" मी विचारलं.

"निघू शकतात," नात म्हणाली. "मी काय भविष्य नाही सांगत. मग निदान खरं ते कळेल, आणि त्यांना घर शोधायला मदत कर."

दोन दिवस मी नुसता बसलो. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीच्या दारात गेलो आणि परत मीटिंग लाव म्हणालो. तो गडबडला. काम असलं की मी निरोप पाठवायचो, स्वतः कधी चढून जायचो नाही.

"काका, एकमताने झालंय ना सगळं. पत्र पण गेलं. आता परत कशाला?"

"मी मागतोय म्हणून."

"कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"तुला कोण बोललं होतं ते आधी सांग. लोक बोलतायत म्हणालास. कोण लोक?"

त्याने डोकं खाजवलं. बराच वेळ विचार केला, प्रामाणिकपणे केला. मग म्हणाला, "पहिल्या माळ्यावरची वहिनी एकदा म्हणाली होती, की रात्री गाडी येते, बाईला भीती वाटत नसेल का. म्हणजे तशी काळजीनेच म्हणाली होती. आणि... बाकी, असंच हो. वातावरण."

"वातावरण," मी म्हणालो.

"मला वाटलं तुम्हालाच ती नको आहे, काका. पाण्यावरून तुमचं काहीतरी झालं होतं ना?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून खाली आलो. फुटक्या पायरीशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मीही मोजत होतो.

रविवारी, महिना संपायला पाच दिवस असताना, पंधरा घरं गच्चीवर आली. चिठ्ठ्या म्हटल्यावर जरा हसाहशी झाली. एक जण म्हणाला, "काका, इलेक्शन लागलं काय?" दुसरा म्हणाला, "यार, पेन तरी द्या." आमच्या हिने पोह्यांचा स्टीलचा डबा दिला होता, त्यात चिठ्ठ्या टाकायच्या. राहू द्या तर बरोबर, नको तर फुली. मी भिंतीशी तोंड करून बसलो, कुणाला माझा चेहरा दिसू नये म्हणून. नातीचीच सूचना. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिक्षा केलेल्या पोरासारखा बसलो होतो.

माझी चिठ्ठी माझ्या हातात होती. इथे खोटं लिहिणार नाही. फुली मारावी असं मला वाटलं. कुणाला कळणार होतं? फुल्याच जास्त निघाल्या असत्या तर माझा पहिला हात बरोबर ठरला असता, आणि त्यात एक फुली माझी असली तर मीच माझ्या बाजूने उभा राहिलो असतो. पेन कागदाला टेकवून मी तसाच थांबलो. मग मुलुंडच्या त्या माणसाचा हळू झालेला आवाज आठवला. मी बरोबरची खूण केली, एवढी दाबून की कागद फाटला.

सेक्रेटरीने डबा उपडा केला आणि मोजलं. बारा बरोबर, तीन फुल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एकमेकांकडे बघत होते, जरा ओशाळून. बारा जणांतला प्रत्येक जण तीन आठवडे स्वतःला एकटा समजत होता. पहिल्या माळ्यावरची वहिनी म्हणाली, "अगंबाई, मग तेव्हा कुणी बोललं का नाही?" तिचाही हात तेव्हा वरच होता.

"काका, मग काय लिहू?" सेक्रेटरीने विचारलं. "बहुमताने?"

तो शब्द आमच्या वहीत कधी आला नव्हता. मी म्हणालो, "जे आहे ते लिही. बारा आणि तीन."

त्या तिघांबद्दल सांगायला हवं. ते कोण, मी विचारलं नाही. कदाचित त्यांची झोप खरंच मोडत असेल. ठरावात आम्ही घातलं की गाडीने गेटपासून लांब थांबावं आणि हॉर्न वाजवू नये. हे आधीच सुचायला काय हरकत होती? पण आधी कुणी कारण विचारलंच नव्हतं, सरळ हात वर गेले होते.

सेक्रेटरी लगेच तिसऱ्या माळ्यावर सांगायला निघाला. मला म्हणाला, "चला ना काका, तुम्हीच सांगा." मी गेलो नाही. काय तोंडाने जाणार होतो? माफी मागायची मला सवय नाही. माझ्या बापालाही नव्हती.

घरी नात वाट बघत होती. मी आकडा सांगितला. ती "झकास" म्हणाली. निघताना म्हणाली, "आबा, पुढच्या मीटिंगपासून तू शेवटी बोल. बाकी काही करू नकोस. फक्त शेवटी."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. पण तेव्हापासून शेवटीच बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी व्हॉल्व्ह उघडला, साडेसातला बंद केला. रोज त्यानंतर मी चहाला वर जातो. त्या दिवशी गेलो नाही. टाकीच्या कट्ट्यावर चावी मांडीवर आडवी घेऊन बसून राहिलो. आमची ही दोनदा खिडकीत येऊन बघून गेली.

सव्वाआठला गाडी आली, कोपऱ्यावरच थांबली. बाई चालत आली. डोळे झोपेने लाल, केसांना जाळी तशीच. मला बघून तिने पदर नीट केला आणि बाजूने जायला लागली.

"वर जा आणि नळ उघड," मी म्हणालो.

"आत्ता? काका, साडेसात कधीच होऊन गेले."

"मला घड्याळ कळतं. बादल्या लाव जा."

तिने माझ्या मांडीवरच्या चावीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

या वेळी ते टोचलं नाही. तिचा जिना चढण्याचा आवाज तिसऱ्या माळ्यापर्यंत गेला तोवर मी थांबलो आणि मग आटे फिरवले. पाइपातून पाणी चढायला लागलं. वरून म्हातारीचा आवाज आला, "पाणी इला गे, ह्या वेळेक कसा काय?" लेक काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

टाकीच्या बाजूला भिंतीवर एक फळा आहे, त्यावर पाण्याची वेळ माझ्याच हाताने लिहिलेली. मी खडू घेतला, सहा ते साडेसातच्या खाली साडेआठ ते पावणेनऊ लिहिलं आणि पाणी बंद करायची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिलो.